दादासाहेब फाळके : काच, रंग आणि नजर

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा. यातल्याच त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब सर्वांना माहीत आहेत. पण त्याआधी त्यांची बरीच वर्षे छायाचित्रण आणि छपाईत गेली. तिथेच त्यांची रंगीत काचांशी गाठ पडली.

मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकल्यावर ते रतलामला तीनरंगी ब्लॉक बनवायला शिकले. पुढे त्यांनी राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले आणि नंतर स्वतःचा छापखाना काढला.

तीनरंगी ब्लॉकसाठी एकाच चित्राचे तीन फोटो घेतात : लाल, हिरवी आणि निळी काच लावून. त्यांवरून केलेले ब्लॉक वेगवेगळ्या शाईत एकावर एक छापले की रंगीत चित्र उमटते. अडचण अशी, की सपाट काचेतून जातानाही प्रकाश वळतो. भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये काच आली, तर फोकस काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे सरकतो. म्हणजे ३ मिलिमीटर काचेने साधारण १ मिलिमीटर. दूरच्या दृश्यासाठी भिंगापुढे लावलेल्या सपाट काचेने फरक पडत नाही, जवळच्या चित्रासाठी मात्र पडतो. शिवाय साधे भिंग निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते. म्हणून तिन्ही काचा सारख्या जाडीच्या आणि भिंग रंगदोष काढलेले लागते. नाहीतर तीन प्रतिमा जुळत नाहीत आणि कडांना रंगाची झालर दिसते.

इतक्या नेमक्या नजरेच्या माणसावर नजरच गमावण्याची वेळ आली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिल्यावर त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. सतत चित्रपट पाहणे आणि प्रयोग करणे सुरू झाले, विश्रांती नाहीशी झाली आणि त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली. तीन-चार चष्मे वापरत ते पुन्हा कामाला लागले. डोळाही कॅमेऱ्यासारखाच : पारपटल आणि भिंग मिळून प्रतिमा दृष्टिपटलावर आणतात. सपाट काच फोकस नकळत सरकवते, चष्म्याची वक्र काच तो हवा तिथे आणते.

१९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. तो दाखवून भांडवल मिळवले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले आणि तिथे त्यांनी चित्रपटांची निर्मिती सुरू केली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.