सायकलला इंजिन जोडून निघालेला मुलगा



टोपीवर एक तारा, मानेपर्यंत वाढलेले केस, विरळ दाढी आणि दूर कुठेतरी लागलेली नजर. हा चेहरा तुम्ही नक्की पाहिला आहे. आपल्या खामगावातही एखाद्या मोटारसायकलच्या टाकीवर तो स्टिकर म्हणून चिकटवलेला दिसतो, नाहीतर टी-शर्टवर. वर्गात विचारलं की हा कोण, तर कुणीतरी क्रांतिकारक, एवढंच उत्तर येतं. एकाने तर मला तो इंग्रजी गाण्यांचा गायक असल्याचं ठामपणे सांगितलं होतं!

तो चे गव्हेरा. स्टिकरवरचा मूळ फोटो 1960 साली क्यूबात काढलेला आहे. पण आज मी तुम्हाला त्याच्या दहा वर्षं आधीच्या, दाढी नसलेल्या, 21 वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगणार आहे.

त्याचं नाव अर्नेस्टो. जन्म 14 जून 1928, अर्जेंटिनातलं रोसारियो शहर. दोन वर्षांचा झाला नाही तोच त्याला दमा जडला. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास ज्यांना धाप लागते, त्यांना विचारा दमा काय असतो ते. कोरडी हवा मानवेल म्हणून आई-वडिलांनी घर हलवलं आणि आल्ता ग्रासिया नावाच्या डोंगरातल्या गावी संसार थाटला. दम्यामुळे शाळा बुडायची, मग आईच घरी शिकवायची. पोरगं अंथरुणावर पडल्यापडल्या मिळेल ते वाचायचं आणि बरं वाटलं की उठून दांडगाई करायचं. पुढे तर तो रग्बी खेळू लागला. हा अंगावर धावून जायचा खेळ आहे. मध्येच धाप लागली की मैदानाबाहेर यायचं, औषधाचा फवारा ओढायचा आणि परत आत जायचं.

डॉक्टर व्हायचं म्हणून तो राजधानीत, ब्युनोस आयर्सला शिकायला गेला. 1950 च्या 1 जानेवारीला, सुट्टीत, त्याने साध्या सायकलला एक छोटं इंजिन जोडलं आणि एकटाच उत्तरेकडे निघाला. तिला मोटारसायकल म्हणावं की नाही, हा प्रश्नच आहे. चढ आला की पायडल मारायचं, इंजिन रुसलं की नुसतीच सायकल चालवायची. असा तो बारा प्रांतांतून सुमारे 4,500 किलोमीटर फिरला. अंदाज येत नाही ना? खामगावहून कन्याकुमारीला जाऊन परत आलात, तरी एवढं अंतर होत नाही.

वाटेत त्याला एक मोटारसायकलस्वार भेटला. त्याच्याकडे कोरी करकरीत हार्ले डेव्हिडसन होती. त्याने आपण होऊन विचारलं, दोरीने मागे बांधून ओढत नेऊ का? अर्नेस्टोला असं ओढून घेण्याचा एक वाईट अनुभव आधी आला होता, म्हणून तो नको म्हणाला. दोघांनी सोबत कॉफी घेतली आणि आपापल्या वाटेला लागले. काही तासांनी पुढच्या गावात अर्नेस्टोने एका ट्रकमधून तीच हार्ले उतरवताना पाहिली. विचारलं तर कळलं, चालवणारा गेला. एका कपाच्या ओळखीचा माणूस. त्याचं नावही कुणाच्या लक्षात राहणार नाही, हे त्या मुलाला लागलं आणि त्याने ते आपल्या वहीत उतरवून ठेवलं.

(तुमच्यापैकी काही जण दादाची गाडी घेऊन, लायसन्स नसताना, बोथ्याच्या घाटात वळणं घेता, हे मला माहीत आहे. मी काही बोलत नाही. वरचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.)

याच प्रवासात तो एका कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात थांबला. तिथे त्याचा मोठा मित्र अल्बेर्तो ग्रानादो काम करत होता. त्या काळी या रोगाला जग किती भ्यायचं, ते आपल्या विदर्भाला वेगळं सांगायला नको. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं ते 1946 साली, म्हणजे अगदी याच काळात. पुढे वाटेवरच्या गावांमध्ये अर्नेस्टो देवळं-राजवाडे पाहत बसला नाही. त्याच्या मते देश कळतो तो दवाखान्यातल्या रोग्यांशी, कोठडीतल्या कैद्यांशी आणि रस्त्यात भेटणाऱ्या वाटसरूंशी बोलून. परत आल्यावर इंजिनच्या कंपनीने त्याचा सायकलवरचा फोटो जाहिरातीत छापला. त्याचा चेहरा छापील कागदावर लोकांसमोर आला तो असा, इंजिन खपवण्यासाठी!

मग तो प्रसिद्ध प्रवास, ज्याच्यावर 2004 साली सिनेमा निघाला. यावेळी तो एकटा नव्हता, ग्रानादो सोबत होता. गाडी ग्रानादोची, 1939 ची 500 सीसी नॉर्टन. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ला पोदेरोसा, म्हणजे बलवान बाई. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. जानेवारी 1952 मध्ये ते दक्षिणेकडे निघाले आणि सरोवरांच्या मुलखात पोचले.

लोणार तुम्ही पाहिलेलं आहे. काठावर उभं राहिलं की खाली गोल पाणी दिसतं आणि क्षणभर बोलणं थांबतं. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी अशी निळी सरोवरं एकामागून एक लागतात. लोणारसारखी खारी नव्हेत बरं का, वितळलेल्या बर्फाच्या गोड्या पाण्याची. लाकार, मग समुद्रासारखं पसरलेलं नाहुएल हुआपी. त्या काठावर दोघांनी स्वप्नं रंगवली, की इथेच कुठेतरी एक प्रयोगशाळा काढावी आणि कायमचं राहावं. सगळेच रंगवतात. लोणारच्या काठावर मीही रंगवलं आहे.

पण तिथे त्याचं काही चांगलं झालं नाही. सरोवरांच्या वाटेवर एका घरी मुक्काम होता. रानमांजरासारखं काही हिंस्र जनावर फिरतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. रात्री दारात दोन डोळे चमकले. अर्नेस्टोने पिस्तूल झाडलं, आणि मेला तो यजमानांचा लाडका कुत्रा. पुढे बारिलोचे गावात प्रेयसीचं पत्र आलं, तिने नातं संपवल्याचं. आणि सरोवर ओलांडून चिलीत जायचं तर खिशात पैसे नाहीत. शेवटी बोटीत शिरणारं पाणी पंपाने उपसत, ती मजुरी भाड्यात वळती करून ते पलीकडे गेले.

पलीकडे गाडीने जीव सोडला. आधी ब्रेक गेले आणि उतारावर गुरांच्या कळपात शिरली, मग एकेक भाग तुटत गेला, आणि सांतियागो शहरापर्यंत तिला ट्रकवर टाकून न्यावी लागली. तिथे ती कायमची सोडली.

माझ्या मते खरा प्रवास तिथून सुरू झाला. गाडीवर असताना लोक कुतूहलाने गोळा होत, जेवू घालत. आता ते दोघे नुसते भणंग होते. वालपाराइसो बंदरात त्याला दम्याने आणि हृदयविकाराने खंगलेल्या एका म्हाताऱ्या मोलकरणीला तपासायला नेलं. कमाई थांबली म्हणून ती घरच्यांनाच जड झाली होती. दमा काय असतो, हे त्या खोलीत तिच्याइतकं त्यालाच माहीत होतं. जवळच्या थोड्या गोळ्या देण्यापलीकडे तो काही करू शकला नाही. वाळवंटात गंधकाच्या खाणीकडे निघालेलं एक मजूर जोडपं थंडीत कुडकुडताना भेटलं, तर दोघांत असलेल्या दोन पांघरुणांपैकी एक त्यांना दिलं. पेरूमध्ये, अमेझॉनकाठच्या सान पाब्लो इथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत, तो रोग्यांशी हातमोजे न घालता हस्तांदोलन करायचा, फुटबॉल खेळायचा.

पुढचं तुम्ही इतिहासात वाचाल. 1953 मध्ये डॉक्टर, नंतर मेक्सिकोत फिडेल कॅस्ट्रोशी भेट, 1959 मध्ये क्यूबाची क्रांती. त्याच वर्षी तो क्यूबाचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीत येऊन पंडित नेहरूंना भेटून गेला. आणि त्याच वर्षी हवानातल्या ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख असताना जुन्या राजवटीच्या माणसांना झटपट खटल्यांनंतर गोळ्या घालण्याच्या शिक्षाही त्याच्या मंजुरीने झाल्या. मोलकरणीच्या उशाशी बसलेला मुलगा तोच आणि हाही तोच. स्टिकर लावणाऱ्याला यातलं एकच माहीत असून चालणार नाही.

1967 साली तो बोलिव्हियाच्या जंगलात लढत होता. लहानपणीचा दमा पाठ सोडत नव्हता आणि जवळची औषधं संपली होती. 8 ऑक्टोबरला तो जखमी अवस्थेत पकडला गेला. ला इगेरा नावाच्या खेड्यात त्याला कोंडायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मातीच्या भिंतींच्या शाळेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच वर्गात त्याला मारण्यात आलं. वय 39.