थिओडोर बिलरोथ : जठराच्या कर्करोगाशी झुंजलेले डॉक्टर

थिओडोर बिलरोथ यांचा जन्म १८२९ मध्ये आजच्या जर्मनीतल्या ऱ्यूगेन बेटावर झाला. वडील लवकर वारले. शाळेत हे बेताचेच. सगळा जीव पियानोत! घरच्यांच्या आग्रहाने ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले आणि १८६७ मध्ये व्हिएन्नात प्राध्यापक झाले. संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र.

२९ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी ४३ वर्षांच्या एका बाईंच्या जठरातला कर्करोगाचा भाग कापला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. बाई बऱ्या झाल्या. पण चारेक महिन्यांत रोग उलटला, त्या गेल्या.

गाठ काढूनही रोग का उलटतो? मुलांना हातात हात धरून उभं करा, लगेच समजेल. आपल्या पेशींनाही ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन असंच धरून ठेवतं. जठराच्या अनेक कर्करोगांत ते कमी होतं किंवा बिघडतं. मग हात सुटलेल्या पेशी दूरवर पसरतात. तिथे सुरी पोचत नाही.

हे प्रथिन सापडलं सुमारे शंभर वर्षांनी. बिलरोथ १८९४ मध्येच वारले. पण यशाबरोबर आपल्या रुग्णांच्या मृत्यूंचे आकडेही ते छापत गेले, म्हणून पुढच्यांना नेमका प्रश्न कळला. चुकलेलं गणित न खोडता वहीत ठेवायला आपण मुलांना शिकवतो, ते यासाठीच.