खडकवासल्याची दारे आणि चौकातले दिवे

उरवड्याहून पिरंगुट, भूगाव करीत चांदणी चौकात उतरावयाचे, हा मुळशीकरांचा पुण्यास येण्याचा नित्याचा मार्ग. कारखान्यांची पाळी आणि शाळा-कचेऱ्यांची वेळ एकत्र आली की या रस्त्यावर वाहनांचा लोंढा लोटतो. पुढे शहरातील चौकात मोकळ्या रस्त्याचा दिवा हिरवा आणि तुंबलेल्या रस्त्याचा लाल, हे दृश्य कोणी पाहिले नाही? ठराविक सेकंदांवर बांधलेल्या दिव्यास समोरची गर्दी दिसत नाही. ओघ पाहून आपणहून उघडणारे दार असावे, ही कल्पना मात्र पुण्यास नवी नाही. १९०३ साली खडकवासल्यास ती प्रत्यक्षात उतरली होती. तिचे जनक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होत.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरला १८८१ मध्ये पदवी मिळवली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक आणि खानदेश येथून त्यांच्या सेवेस आरंभ झाला.

खडकवासल्याच्या तलावात पुराचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. धरणाची उंची न वाढवता अधिक पाणी अडवावे, म्हणून विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दारे योजिली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत. पूर ओसरला की मिटत. नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पाणी देण्याची गट पद्धत आणली. मोजक्या गावांनी मुबलक पाणी घ्यावे आणि इतरांनी कोरडे राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. या पद्धतीस आरंभी विरोध झाला. पण हिशेब आणि चिकाटी यांच्या बळावर त्यांनी तो निवविला. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले (१९१२ ते १९१८), १९५५ मध्ये भारतरत्न ठरले आणि शंभरी ओलांडून १९६२ मध्ये निवर्तले.

आज पुण्यात स्मार्ट सिटी योजनेतून १०० हून अधिक चौकांत जे गर्दीनुसार बदलणारे दिवे बसविले गेले, त्यांचे तत्त्व हेच आहे. संवेदक वा कॅमेरा वाहने मोजतो, संगणक त्या मानाने प्रत्येक बाजूस हिरव्या दिव्याची वेळ वाटून देतो आणि लगतच्या चौकांचा मेळ घालतो. दारांची तत्परता आणि गट पद्धतीचा न्याय, दोन्ही येथे एकवटले पाहिजेत. केवळ मोठ्या रस्त्याचा ओघ पाहून वेळ दिला, तर आडरस्त्यावरून येणारी एस. टी. आणि पदपथावर थांबलेला वृद्ध यांची पाळी येणारच नाही. कोणास किती वेळ द्यावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. यंत्रास नियम घालून देणारी माणसे ठरवितात. तो हिशेब नागरिकांपुढे उघड मांडला गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या धरणावर ती दारे बसविली, ते धरण १२ जुलै १९६१ रोजी, विश्वेश्वरय्यांच्या हयातीतच, फुटले. वर पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यापुढे कोणत्याही दाराचा इलाज नव्हता. दार आलेल्या ओघाचे नियमन करते. वरून किती यावे, हे त्याच्या हाती नसते. दिव्यांचेही तसेच आहे. चारही रस्ते तुडुंब भरले, म्हणजे शहाण्यातला शहाणा दिवाही हतबल होतो. म्हणून मुळशीच्या खोऱ्यातून येणाऱ्या नोकरदारास आणि विद्यार्थ्यास वेळेवर, भरवशाची बस मिळणे, हा या प्रश्नाचा पूर्वार्ध आहे. दिवा हा उत्तरार्ध. पूर्वार्ध टाळून केवळ उत्तरार्धावर खर्च करणे, हे विश्वेश्वरय्यांच्या हिशेबी वृत्तीस खचित मानवले नसते.