परक्यासाठी छप्पर

आज गीतेचा बारावा अध्याय वाचला. सर्वांच्या हितात रमणारे देवाला पोचतात, हे वाचून मला आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबाच आठवले.

१८७६ ला शेंडगावात जन्म. १९०५ मध्ये घर सोडलं; हाती खराटा, फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. मुंबईत गरीब रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. घरच्यांचा मात्र त्यावर हक्क ठेवला नाही. १९५६ ला देह ठेवला.

आमच्या दुसरबीडचं माणूस उपचाराला मुंबईत गेलं, तर त्याचं नाव-गावही माहीत नसताना बाबांनी छप्पर करून ठेवलंय! तुम्ही शहरात राहता ना? आज दवाखान्याबाहेर बसलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला जेवलात का, एवढं तरी विचारा.