डोरोथी थॉम्पसन

वर्तमानपत्रात बातम्या असतात, तसेच त्या बातम्यांचा अर्थ उलगडून सांगणारे सदरही असते. अमेरिकेत असे सदर लिहिणाऱ्याचा लेख वितरणसंस्थेमार्फत अनेक गावांच्या दैनिकांत छापला जाई. अशा लेखकाचा शब्द लाखो घरांत पोहोचे. म्हणून त्याची जबाबदारीही मोठी असे. ही जबाबदारी धैर्याने पार पाडणाऱ्या लेखिकांपैकी डोरोथी थॉम्पसन या एक होत.

डोरोथीचा जन्म ९ जुलै १८९३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लँकेस्टर या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताची होती, आणि ती सात वर्षांची असतानाच तिची आई वारली. १९१४ साली सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी मिळविल्यावर ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरली. सभांतून बोलावे, लोकांना पटवून द्यावे, हे शिक्षण तिला तेथेच मिळाले.

१९२० साली त्या यूरोपला गेल्या. हाती कायमची नोकरी नव्हती. बातम्या मिळवाव्या आणि वर्तमानपत्रांना पाठवाव्या, असा त्यांचा क्रम होता. व्हिएन्ना येथे त्यांनी वार्ताहर म्हणून नाव मिळविले. पुढे बर्लिन येथील वार्ताकार्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. त्या काळी हा मान स्त्रीला क्वचितच मिळे.

१९३१ साली थॉम्पसनबाईंनी हिटलरची मुलाखत घेतली. हा सामान्य वकुबाचा मनुष्य जर्मनीचा हुकूमशहा होणार नाही, असे त्यांना वाटले व तसे त्यांनी लिहिले. परंतु १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली. आपला अंदाज साफ चुकला, हे त्यांनी ओळखले. त्या जर्मनीत पुन्हा गेल्या, ज्यूंवरील अत्याचारांची त्यांनी माहिती मिळविली, आणि ती जगापुढे मांडली. त्यामुळे ऑगस्ट १९३४ मध्ये चोवीस तासांच्या आत देश सोडावा, असा हुकूम त्यांना मिळाला. निरोप देण्यासाठी सहकारी वार्ताहर गुलाबाची फुले घेऊन स्थानकावर जमले. तो हुकूमाचा कागद बाईंनी पुढे चौकटीत बसवून ठेवला!

१९३६ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ मध्ये त्यांचे सदर आठवड्यातून तीनदा येऊ लागले. दीडशेहून अधिक दैनिके ते छापीत. यूरोपातील संकट आपल्यापासून दूर आहे, असे मानणाऱ्या देशबांधवांना त्यांनी वारंवार सावध केले. निर्वासितांना आश्रय द्यावा, असा आग्रह धरला. फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्क शहरात हिटलरच्या चाहत्यांची वीस हजारांची सभा भरली. थॉम्पसनबाई तेथे गेल्या आणि वक्त्याच्या भाषणाला मोठ्याने हसू लागल्या. त्यांना बाहेर नेण्यात आले. पण त्या परत येऊन आपल्या जागी बसल्या.

१९४० च्या निवडणुकीत त्यांच्या पत्राने एका उमेदवाराचा पुरस्कार केला, तर बाईंनी रूझवेल्ट यांचा. परिणामी त्या पत्रातील त्यांचे स्थान गेले. परंतु मत बदलले नाही. दुसऱ्या पत्रांतून त्यांचे सदर १९५८ पर्यंत चालू राहिले. ३० जानेवारी १९६१ रोजी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले.

चूक कोणाच्याही हातून घडते. ती ओळखून सत्याच्या बाजूने उभे राहणे, व त्यासाठी पडेल ती किंमत देणे, हे मात्र थोड्यांनाच साधते. थॉम्पसनबाईंचे मोठेपण यातच आहे.