खेळ त्याचा, नियम दुसऱ्यांचे
घरात पत्ते मांडले की नियमांवरून वाद ठरलेला. अशा वेळी मला गॅरी गायगॅक्स आठवतो. जन्म १९३८ चा, शिकागोतला. विमा कंपनीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून त्यानं संसार रेटला. १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसनच्या साथीनं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे, गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. पुढची नियमावली कशी असेल, हे १९८५ मध्ये तो मासिकातून सांगत होता. त्याच वर्षी कंपनी हातातून गेली. १९८९ ची दुसरी आवृत्ती इतरांनी लिहिली. त्यानं आणलेला रानटी योद्धा मुख्य पुस्तकातून गळाला, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत परतला. २००८ मध्ये गॅरी गेला. नियम बदलणार हे त्यानं ओळखलं होतं. ते बदलणारे हात दुसऱ्यांचे निघाले. खेळ मात्र आजही रंगतो, यातच मला त्याचं यश दिसतं.