विजेची पेटी घेऊन वॉर्डावॉर्डात फिरणारा ड्यूशेन, ज्याच्या नावाने मुलांचा एक आजार ओळखला जातो

सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. पाय कधीच थकलेत, व्हीलचेअरला पाच-सहा वर्षं झाली. रात्री झोपताना आई त्याच्या नाकावर मास्क बसवते, पट्टे घट्ट करते आणि उशाशी ठेवलेलं बायपॅप मशीन सुरू करते. रात्रभर ते मशीन त्याच्या छातीत हवा ढकलतं. त्याच्या फाईलवर तीन अक्षरं आहेत, डीएमडी. म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

यातलं मस्क्युलर म्हणजे स्नायूंचं आणि डिस्ट्रॉफी म्हणजे झिजणं, हे घरच्यांना डॉक्टर समजावून सांगतात. पण ड्यूशेन हा शब्द कुठून आला ते सहसा कुणी सांगत नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. ज्याला पॅरिसच्या एकाही हॉस्पिटलने कधी पद दिलं नाही, अशा माणसाचं.

गियोम ड्यूशेनचा जन्म १७ सप्टेंबर १८०६ चा, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बुलोन गावातला. घराणं दर्यावर्दी. बाप जहाजाचा कप्तान, नेपोलियनच्या काळात इंग्रजांची जहाजं अडवून मानाचं पदक मिळवलेला. पोरानेही समुद्रावर जावं अशी घरच्यांची इच्छा. पोरगा गेला पॅरिसला, डॉक्टरकी शिकायला. तिथे शिकवायला होते स्टेथोस्कोप शोधणारे लेनेक, शरीराच्या प्रयोगांसाठी गाजलेले माजेंदी. १८३१ साली पदवी घेऊन ड्यूशेन गावी परतला. योगायोग बघा, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने चुंबकापासून वीज कशी निर्माण होते ते दाखवलं. या दोन गोष्टींची गाठ पुढे पडणार होती.

गावात दवाखाना थाटला, लग्न केलं. दोनच वर्षांत, मुलगा झाल्यावर थोड्याच दिवसांत, बायको बाळंतज्वराने गेली. बाळंतपणाच्या वेळी ड्यूशेन एकटाच तिच्याजवळ होता. झालं, सासूने ठपका जावयावर ठेवला. छोटं गाव, बोलणं पसरायला किती वेळ लागतो? पेशंट कमी झाले. पोटचा पोरगा एमिल सासूने आपल्याकडे नेला आणि बापलेकांची ताटातूट झाली ती जवळपास तीस वर्षं.

एखादा माणूस इथेच संपला असता. ड्यूशेनने स्वतःला कामात गाडून घेतलं. त्या काळी दुखणाऱ्या भागात सुया टोचून त्यातून वीज सोडायचा एक उपाय होता. तो करताना त्याच्या लक्षात आलं की विजेचा झटका बसला की स्नायू आखडतो. मग सुया हव्यातच कशाला? त्याने फॅरडेच्या तत्त्वावर चालणारं यंत्र घेतलं, तारांच्या टोकांना ओलं कापड आणि स्पंज लावले आणि कातडीवर ठेवून बघितलं. नेमका खालचा एकच स्नायू हलला. ना रक्त, ना जखम.

आज फिजिओथेरपीवाले कातडीवर पॅड चिकटवून करंट देतात, त्याच्या मागच्या वाटेवर हा टप्पा आहे.

१८४२ मध्ये तो पॅरिसला आला. वय छत्तीस. ओळख नाही, वशिला नाही, बोलणं बंदरावरच्या माणसासारखं. पॅरिसच्या डॉक्टरांत असल्या गोष्टींना फार महत्त्व. हॉस्पिटलात पद मिळणं तर लांबच. मग ड्यूशेनने आपला रस्ता काढला. सकाळी विजेची पेटी घेऊन निघायचा आणि आज या हॉस्पिटलच्या, उद्या त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन पेशंट बघायचा. शिकाऊ डॉक्टर त्याची टिंगल करायचे. तो पेशंटशेजारी बसून प्रश्न विचारत राहायचा. शहरात त्याच्याच आडनावासारखं नाव असलेला एक बड्या लोकांचा डॉक्टर होता. गल्लत नको म्हणून हा आपल्या नावापुढे गावाचं नाव लावायचा, बुलोनचा ड्यूशेन.

पद नसण्याचा एक फायदा मात्र झाला, आणि तो मोठा होता. हॉस्पिटलात नोकरी असलेला डॉक्टर आपल्या वॉर्डापुरता बघायचा. पेशंट दुसरीकडे हलला की विषय संपला. ड्यूशेन त्याच पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन शोधायचा, घरी जाऊन बघायचा, वर्षानुवर्षं. हळूहळू वाढणारा आजार एका भेटीत कळत नाही. तो कळायला तोच माणूस पुन्हा पुन्हा बघावा लागतो. आज हात उचलता येतो, दोन वर्षांनी येत नाही, आणखी दोन वर्षांनी मान धरवत नाही. हा क्रम ड्यूशेनच्या वह्यांत जमा होत गेला.

या क्रमाच्या शेवटी त्याला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. श्वास.

श्वास घेतो कोण? छाती फुगते म्हणून ते काम छातीचं, असं वाटतं. पण बहुतेक काम करतो छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पातळ स्नायू, डायफ्रॅम. त्याला हुकूम येतो मानेतून खाली उतरणाऱ्या फ्रेनिक नावाच्या नर्व्हमधून. ड्यूशेनने विजेने ही नर्व्ह चाळवून बघितली. पोट फुगलं, खालच्या बरगड्या वर उचलल्या गेल्या, बाहेर पसरल्या आणि हवा आत आली. मग त्याने प्राण्यांवर आणखी एक गोष्ट दाखवली. पोटातली आतडी वगैरे काढून टाकली की तोच डायफ्रॅम बरगड्या बाहेर न ढकलता आत ओढतो. म्हणजे पोटातले अवयव त्याला खालून टेकू देतात आणि त्या टेकूवर जोर देऊन तो बरगड्या उचलतो. साधा दिसणारा श्वास म्हणजे अशी तरफ आहे.

मग उलटा प्रश्न. डायफ्रॅमच लुळा पडला तर? ड्यूशेनने खूण लिहून ठेवली. निरोगी माणसाने श्वास आत घेतला की पोटाचा वरचा भाग पुढे येतो. डायफ्रॅम लुळा असलेल्याचा तो भाग आत खचतो. हे बघायला यंत्र लागत नाही, पेशंटला आडवं झोपवून पोटाकडे नीट बघावं लागतं. आजही डॉक्टर ही खूण बघतात. असा पेशंट शांत पडून असताना ठीक वाटतो, पण त्याला जोरात बोलता येत नाही आणि खोकता येत नाही. त्यामुळे एरवी आठवड्यात बरी होणारी साधी सर्दी छातीत उतरली की त्याच्या जिवावर उठते. स्नायू झिजण्याच्या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा हातापायांमुळे नाही, तर कफ बाहेर न पडल्यामुळे किंवा श्वास अपुरा पडल्यामुळे. १८६० मध्ये त्याने जीभ, ओठ आणि घसा लुळा पडत जाणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. तिथेही शेवट गिळण्यापाशी आणि श्वासापाशीच.

आता उपायाचं. विजेने फ्रेनिक नर्व्ह चाळवली की श्वास येतो, मग गुदमरलेल्या माणसाला असाच श्वास का देऊ नये? ड्यूशेनने हे १८५५ मध्ये मांडलं आणि नैसर्गिक श्वासाची नक्कल करायचा सगळ्यात चांगला मार्ग हाच, असं त्याचं मत पुढेही कायम राहिलं. कल्पना खोटी नव्हती. जवळपास शंभर वर्षांनी डॉक्टरांनी ती पुन्हा हातात घेतली, आणि आज मानेच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्या काही लोकांचा श्वास अशा पेसरवर चालतो.

पण ज्या आजाराला त्याचं नाव आहे, तिथे ही कल्पना चालत नाही. कारण तिथे नर्व्ह शाबूत असते, झिजतो तो स्नायूच. घंटा कितीही वाजवली तरी आतला माणूसच उठू शकत नसेल तर दार उघडणार कसं?

तो आजार त्याला भेटला १८५० च्या दशकाच्या अखेरीस. लहान मुलगा, चालायला उशीर, पडतो फार, जिना चढवत नाही आणि पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या. दिसायला दणकट, प्रत्यक्षात दुबळा. १८६१ मध्ये ड्यूशेनने त्याचं वर्णन छापलं आणि दोष मेंदूत असावा असं लिहिलं. चूक होती. पुढे अशी आणखी मुलं बघितल्यावर त्याने ती स्वतःच दुरुस्त केली. त्याने एक बारीक, पोकळ, आकडा असलेलं हत्यार तयार केलं होतं, जे स्नायूत घालून जिवंत पेशंटच्या शरीरातून नखाएवढाही नसेल असा तुकडा काढता यायचा. आजच्या सुईच्या बायोप्सीचा हा पूर्वज. वेगवेगळ्या वेळी काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसलं की फुगलेल्या पोटरीत स्नायू कमी आणि चरबी व चिवट तंतूच जास्त. १८६८ मध्ये त्याने तेरा मुलांच्या नोंदी एकत्र करून छापल्या. खरं तर लंडनच्या एडवर्ड मेरियनने हा आजार त्याच्या आधी वर्णिला होता आणि तो मुलग्यांना होतो, एकाच घरात होतो, हेही ओळखलं होतं. नाव मात्र ड्यूशेनचं चिकटलं. मेरियनवर हा थोडा अन्यायच.

सोशल मीडियावर ड्यूशेनचं नाव फिरतं ते भलत्याच कारणाने, ड्यूशेन स्माईल. दात पडलेल्या, चेहऱ्याला संवेदना नसलेल्या एका म्हाताऱ्याच्या गालावर विजेची टोकं लावून त्याने हसू, भीती, आश्चर्य असे भाव उमटवले आणि त्यांचे फोटो काढून १८६२ मध्ये पुस्तक केलं. खऱ्या हसण्यात ओठांसोबत डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, हा त्याचा शोध. डार्विनने दहा वर्षांनी भावभावनांवरच्या आपल्या पुस्तकात त्यातले फोटो वापरले. ते विचित्र फोटो प्रसिद्ध झाले, पोरांच्या पोटऱ्या मागे पडल्या.

त्या पोरांसाठी पुढे काय झालं? फार वर्षं काहीच नाही. आजारामागचं जीन सापडलं १९८६ मध्ये आणि त्याच्या बिघाडाने डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनत नाही हे १९८७ मध्ये कळलं. पण आयुष्य वाढलं त्यात मोठा वाटा श्वासाच्या उपचारांचा. इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या नोंदी सांगतात की १९६० च्या दशकात या मुलांचं सरासरी आयुष्य १४.४ वर्षं होतं. १९९० नंतर ज्यांना व्हेंटिलेशनचा आधार मिळाला त्यांचं २५.३ वर्षं झालं. आता अनेक जण तिशी गाठतात.

हे उपचार ड्यूशेनने ओळखलेल्या दोन्ही दुखऱ्या जागांवरच बोट ठेवतात. पहिली खोकला. कफ असिस्ट नावाचं मशीन छातीत हवा भरतं आणि लगेच झटक्यात खेचून घेतं, तसा कफ वर येतो. हे मशीन नसेल तर हाताने दाबायच्या फुग्याने एकावर एक श्वास भरून, पोटावर दाब देऊन खोकायला शिकवतात. दुसरी डायफ्रॅम. झोपेत श्वास आधीच उथळ होतो, त्यामुळे बिघाड आधी रात्री सुरू होतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, रात्री सारखी जाग येणं, ही त्याची लक्षणं. धाप लागतेच असं नाही, कारण चालणं आधीच थांबलेलं असतं.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि आकडा घसरला की ऑक्सिजन लावायचा हे डोक्यात बसलं. इथे तेच घातक ठरू शकतं. या मुलांची फुप्फुसं बिघडलेली नसतात, भाता ओढणारा हात दमलेला असतो. नुसता ऑक्सिजन दिला तर आकडा सुधारतो आणि रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साईड दिसत नाही. गरज असते ती भाता ओढून देण्याची, म्हणजे बायपॅपची. ऑक्सिजन लागलाच तर त्याच्या जोडीने. असं मूल इमर्जन्सीत नेताना हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं लागतं.

ड्यूशेनला उतारवयात पॅरिसने थोडंफार ओळखलं. त्रुसोसारखा बडा डॉक्टर त्याच्या बाजूने उभा राहिला. साल्पेत्रिएर हॉस्पिटलचा शार्को त्याला आपला गुरू म्हणायचा. बुलोनमध्ये सासूने वाढवलेला एमिलही तरुणपणी बापाकडे आला. तोही डॉक्टर झालेला, तोही नर्व्हच्या आजारांकडे वळलेला. थोडी वर्षं दोघांनी सोबत काम केलं. प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला त्या सुमारास एमिलला टायफॉईड झाला आणि तो गेला.

मुलांच्या आजारावर नाव कोरलेल्या माणसाचा एकुलता एक मुलगा असा दोनदा हरवला. त्यानंतर ड्यूशेन फार वर्षं राहिला नाही. १५ सप्टेंबर १८७५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो पॅरिसमध्ये वारला. एकोणसत्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.